साकाईची सुरी आणि विक्रीनंतरची सेवा

२८ ऑक्टोबर, डहाणू

जागृतीला जपानी सुरी हवी आहे.

लग्न होऊन आल्यापासून या बाईने विळीशिवाय काही वापरलेलं नाही. कांदा विळीवर, सुरमई विळीवर. घरात एकच सुरी आहे, तिने मी पेन्सिलीला टोक काढतो. आज जेवताना म्हणाली, सोनलकडे जातोच आहोत तर एक बरी सुरी घेऊन येऊ. ओसाकाच्या शेजारी साकाई म्हणून गाव आहे, तिथे पिढ्यान्‌पिढ्या सुऱ्याच करतात. तुला कसं माहीत, असं विचारलं तर म्हणाली, वाचलं कुठेतरी. जागृती वाचते ते पंचांग आणि विजेचं बिल.

मी हो म्हटलं. समोरच्याची एक मागणी मान्य केली की आपली दुसरी पुढे सरकवता येते, हे मी चिकूच्या दलालांकडून शिकलो आहे. माझी मागणी अशी की सोनलने जानेवारीत सुट्टी काढून घरी यावं आणि वाणगावच्या पीयूषला भेटावं. मुलगा चांगला आहे. ढोबळी मिरचीची पॉलिहाऊसं आहेत. त्याच्या वडिलांना मी जवळजवळ शब्दच दिला आहे. आणि वाणगाव म्हणजे आपल्यापासून रेल्वेने एक स्टेशन. सोनल जपानी शिकायला पुण्याला गेली तेव्हा वाटलं, शिकेल आणि येईल. मग नोकरी थेट ओसाकाला लागली. एकुलती एक मुलगी फोनवर बघून बघून मला आता तिची उंचीसुद्धा आठवत नाही.

जागृती म्हणाली, जरूर विचारू तिला. इतक्या पटकन ती माझ्याशी कधी सहमत होत नाही. प्रवासाचा आनंद असावा.

११ नोव्हेंबर, ओसाका

पोचलो. सोनल माझ्या कानापर्यंत येते. थंडी बोचरी आहे. तिचं घर आपल्या वाडीतल्या पंपाच्या खोलीएवढं, पण नीटनेटकं. जागृतीने बॅग उघडून लोणचं, सुका जवळा, मसाला असं सगळं ओट्यावर मांडलं. सुकवलेल्या चिकूच्या फोडींचा एक डबा मात्र नव्या रुमालात बांधून बाजूला ठेवला. कुणासाठी, विचारलं तर म्हणाली, असू दे, कुणाला तरी द्यायला.

पीयूषचा विषय काढला. सोनल म्हणाली, जानेवारीत येते, पप्पा. एवढं सोपं होतं तर मी उगाच वर्षभर घाबरत होतो.

१२ नोव्हेंबर

आज साकाईला गेलो. सुरी घेणं हे एवढं मोठं काम असतं याची मला कल्पना नव्हती.

रस्त्यावर दुकानं बरीच होती, पण सोनल कुठेही न बघता सरळ एका गल्लीत शिरली. समोर छोटं दुकान, मागे कारखाना. काउंटरवर तिशीचा एक मुलगा होता, काझुया नावाचा. घरचाच मुलगा, सुरीला मूठ बसवणं आणि धार लावणं ही कामं त्याच्याकडे. आम्हाला बघून तो इतका खाली वाकला की मला त्याची मान मागच्या बाजूने दिसली. मग सरळ होऊन स्वच्छ मराठीत म्हणाला, "या, बसा."

मी सोनलकडे बघितलं. ती म्हणाली, इथे गिऱ्हाइकाच्या भाषेत स्वागत करायची पद्धत आहे. मग चहा आला. दुधाचा, आलं घातलेला. एवढी तयारी करून धंदा करतात, म्हणून हा देश पुढे गेला.

सुरी दाखवण्याआधी त्याने मलाच प्रश्न विचारले, सोनल सांगत होती. कुठल्या हाताने कापता? काय कापता? मासा असेल तर केवढा, काटे तोडता की सोडवता? घर समुद्राजवळ आहे का? वापरल्यावर सुरी पुसणार कोण? मी म्हटलं, मीच. जागृती खोकली.

मग त्याने मखमलीवर सुऱ्या मांडल्या. भाजीची रुंद पात्याची, तिचं पातं दोन्ही बाजूंनी घासलेलं. माशाची जाड पाठीची, तिला धार एकाच बाजूने. उजव्या हाताची वेगळी, डावऱ्याची वेगळी. पोलादही दोन जातींचं. एक गंजत नाही, पण धार मध्यम. दुसऱ्याची धार अशी की कागद धरून नुसता सोडला तर दोन तुकडे होतात, पण ओलं ठेवलं की तासाभरात तांबूस डाग पडतो. मी महागाकडे हात नेला तर त्यानेच थांबवलं. म्हणाला, खाऱ्या हवेच्या गावाला भाजीसाठी न गंजणारी घ्या. माशासाठी गंजणारी घ्या, पण रोज पुसाल असं वचन द्या. दुकानदाराने गिऱ्हाइकाकडून वचन घेतलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मला मुलगा आवडला. धंद्यात टिकणार नाही, पण आवडला.

मी थोडा भाव करून बघितला. सोनलने भाषांतरच केलं नाही. उलट त्याला भलतंच काहीतरी सांगितलं असावं, कारण तो कानापर्यंत लाल झाला.

पहिल्या दिवशी मी काही विकत घेत नाही, हा माझा नियम आहे. तसं सांगून उठलो. सोनलला राग येईल असं वाटलं होतं. ती खूश झाली आणि म्हणाली, मग परवा पुन्हा येऊ.

१४ नोव्हेंबर

पुन्हा साकाई. आज दुकानात काझुयाचे आईवडीलही होते, दोघंही ठेवणीतल्या कपड्यांत. मी गंभीर गिऱ्हाईक आहे हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसतं. वडिलांनी दुकानाचं दार लावून बाहेर पाटी उलटी केली. माझ्या एकट्यासाठी दुकान बंद ठेवलं.

त्यांनी बरंच विचारलं. जमीन किती, घरात कोण कोण, भाऊबहिणी, कुणाला साखरेचा त्रास वगैरे आहे का. मी सगळं सांगितलं. वॉरंटीसाठी लागत असेल. मग स्वतःच्याही घराण्याची माहिती दिली, आजोबा कधी वारले इथपर्यंत. सुरी कुठल्या हातांतून आली हे गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे, असा त्यामागे विचार असावा. काझुयाच्या आईने जागृतीचा हात हातात घेतला तो सोडलाच नाही. जागृतीने रुमालात बांधलेला चिकूचा डबा तिलाच देऊन टाकला. मी नजरेने खुणावलं की सौदा ठरायच्या आधी भेट दिली तर भाव चढतो. तिने दुर्लक्ष केलं.

भाव चढला नाही. उतरवला त्यांनी, न मागता.

१५ नोव्हेंबर

घेतल्या. माशाची एक, भाजीची एक. पासपोर्ट दाखवला, कर माफ झाला. माशाच्या सुरीवर नाव कोरून मिळतं, म्हणून जपानी अक्षरात लिहा म्हटलं. काझुया म्हणाला, देवनागरीत लिहितो. छिन्नी आणि छोटी हातोडी घेऊन बसला. मी नमुन्यासाठी कागदावर लिहायला चष्मा शोधत होतो, तोवर त्याने 'जतीन' कोरूनही टाकलं, दीर्घ ईसकट. आपल्याकडची गिऱ्हाइकं बरीच येत असावीत.

२० नोव्हेंबर, विमानतळ

सुरी हातातल्या बॅगेत नेता येत नाही, मोठ्या बॅगेत कपड्यांमध्ये घालून सामानात द्यावी लागते. एवढंच काम, पण ते बरोबर झालं की नाही हे बघायला काझुया स्वतः विमानतळावर आला. डबा उघडला, पात्याला तेलाचा हात फिरवला, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या लोकरी बंडीत ठेवली. मग आम्ही आत जाईपर्यंत काचेपलीकडे सोनलच्या शेजारी उभा राहून वाकत राहिला. आपल्याकडे मिक्सर घेतला तर दुकानदार पावतीवर शिक्का मारायला कंटाळतो.

३० नोव्हेंबर, डहाणू

धाकट्या डहाणूच्या गोदूबाई पापलेट घेऊन आल्या. त्या आमच्याकडे कित्येक वर्षं मासळी घालतात. त्यांना सुरी दाखवली, आणि त्यांच्यासमोर मीच मासा साफ केला. त्यांनी सुरीकडे फार लक्ष दिलं नाही. जागृतीला विचारलं, पोराचा फोटो नाही काढला? मी सांगितलं, फोटो सुरीचा काढलाय, पोराचा कशाला काढायचा? दोघी एकमेकींकडे बघत बसल्या.

सुरी रोज पुसतो. वचन म्हणजे वचन.

९ डिसेंबर

वाईट दिवस. सुरीच्या धारेचा तुकडा उडाला.

जागृती मला स्वयंपाकघरात उभं करत नाही, आणि आज स्वतः हाक मारली. नारळ हातात दिला आणि म्हणाली, कोयता सापडत नाही, तुमची ती जाड सुरी आहे ना, तिने फोडा. मी म्हटलं, नारळाला चालेल का? ती म्हणाली, एवढ्या मोलाची सुरी, साधा नारळ फुटणार नाही? माझ्यातला पुरुष जागा झाला. दुसऱ्या घावाला नारळ फुटला आणि पात्याला चंद्रकोरीसारखी खाच पडली.

नंतर कोयता दारामागेच सापडला.

मी जेवलो नाही. जागृतीने मात्र फारच शांतपणे घेतलं. म्हणाली, सोनलला सांगा, दुकानाला कळवेल.

१२ डिसेंबर

सोनलचा फोन. दुकानाने कळवलंय की अशी खाच कुणी स्थानिकाने घासली तर पातं कायमचं बिघडेल. त्यांचा माणूस जानेवारीत स्वतः येऊन दुरुस्त करून देईल. सोनल सुट्टीवर येणारच आहे, तिच्याबरोबरच येईल. खर्च विचारला तर म्हणाली, वॉरंटीत बसतं.

एका सुरीच्या धारेसाठी ओसाकाहून डहाणूला माणूस येणार. मी वाडीत सगळ्यांना सांगितलं. चिकू तोडणाऱ्या रूपीने विचारलं, एकटाच येणार का त्याचे आईबाप पण? म्हटलं, दुरुस्तीला आईबाप कशाला लागतात? ती तोंडाला पदर लावून झाडाआड गेली. या बायकांना तंत्रज्ञान कळत नाही.

९ जानेवारी

सोनल आली. काझुयाही आला, दुकानाने त्यालाच पाठवलं. डहाणू रोडला उतरला तो खांद्यावर दगडांची पेटी घेऊन. धारेचे दगड आहेत, खरखरीत ते गुळगुळीत असे क्रमाने. हॉटेल बघतो म्हटलं तर जागृतीने माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. वरच्या खोलीत आधीपासूनच नवी चादर घातलेली होती.

त्याने सुरीची खाच बोटाने तपासली. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि थोड्या मराठीत सांगितलं की खाच काढायची तर पातं खूप घासावं लागेल, सुरी थोडी लहान होईल. मालकाच्या परवानगीशिवाय तो हात लावणार नाही. सध्या बाकीची धार बघतो. घाई नाही, पंधरा दिवस आहेत. मला त्याची ही सचोटी भावली.

११ जानेवारी

मागच्या पडवीत त्याने बादलीत दगड भिजत घातले आणि आधी आमची विळी घासली. ही बातमी फुटली. सकाळपासून शेजारीपाजारी कोयते, विळे, कात्र्या घेऊन येत आहेत. फुकट म्हटलं की आपले लोक थांबत नाहीत. काही जण तर काहीच न आणता आले. गोदूबाई मोकळ्या हाताने आल्या आणि तासभर त्याच्यासमोर बसून त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघत होत्या. जाताना जागृतीला म्हणाल्या, कामाचा आहे. मीही म्हटलं, हो, कारागीर उत्तम आहे.

इथले लोक त्याला काजू म्हणायला लागले आहेत. तो हाकेला ओ देतो.

१३ जानेवारी

काझुयाला आपल्याकडचा लोहार बघायचा होता, म्हणून त्याला तलासरीला घेऊन गेलो. सोनलही आली, भाषेसाठी. बाजाराच्या टोकाला सदू लोहाराचा भाता आहे, आमच्या वाडीचे कोयते त्याच्याकडेच होतात. काझुया शर्टाच्या बाह्या सरसावून त्याच्याबरोबर घणाला उभा राहिला. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, आणि दोघं अखंड बोलत होते.

सदूने हळूच मला विचारलं, जावई का? मी हसलो. सांगितलं, कंपनीचा माणूस आहे, सर्व्हिसला आलाय. सदू म्हणाला, बरं बरं, आणि कोयत्याचे पैसे घेईना. म्हणाला, पहिल्यांदा आलेत. कंपनीच्या माणसांबद्दल खेड्यात अजून आदर आहे.

परतताना सोनल आणि तो मागच्या सीटवर एका पानात बांधलेल्या करवंदाच्या लोणच्यावरून हसत होते. सोनल मोठ्याने हसली की तिचा आवाज शेवटी चिरकतो. ती लहान असताना वाडीच्या दुसऱ्या टोकाला मला तो ऐकू यायचा. फोनवर कधी ऐकू आला नव्हता. मी गाडी जरा हळू चालवली.

१४ जानेवारी

संक्रांत. जागृतीने काझुयाला पाटावर बसवून हलव्याचा हार घातला, हातात हलव्याचा नारळ दिला. मी म्हटलं, अगं, हे जावयाला करतात. ती म्हणाली, पाहुण्याला आपले रीतिरिवाज कळायला नकोत का? बरोबर आहे. अर्धवट दाखवण्यापेक्षा पूर्ण दाखवावं.

१६ जानेवारी

पीयूष आणि त्याचे वडील आले. आजचा दिवस मी महिनाभर मनात रंगवला होता. रंगला नाही.

जागृतीने कंदांची उकडहंडी लावली होती. सुरण आणि कोनफळ चिरायला काझुया बसला. सुरणाची खाज त्याला कोण सांगणार? कोपरापर्यंत हात खाजवत होता, तरी मधे उठला नाही. सोनल चिंच चोळून देत होती. पीयूष पाणी पिऊन सरळ मागच्या पडवीतच गेला आणि तिथेच रमला. मधूनच फोन बघून स्वतःशी हसत होता, मिरचीचे भाव बरे असावेत. निघताना त्याने काझुयाचा हात धरून त्याला मनापासून शुभेच्छा दिल्या. एका सुरीसाठी.

जेवताना पीयूषचे वडील म्हणाले, सोनलला एवढी नोकरीबिकरी करायची गरज पडणार नाही. आणि जपानी काय, मिरचीला कुठे जपानी कळतं? सगळे हसले. मीही हसलो. मग सोनलकडे बघितलं, ती ताटातला भात एका बाजूला करत होती. तिच्या पहिल्या परीक्षेचा निकाल आला तेव्हा मीच गावभर पेढे वाटले होते. ते हसणं मला दिवसभर टोचतंय.

जेवणं चालू असतानाच सोनल जड हंडी उचलायला उठली. पीयूष बसला होता, त्याचे वडील बसले होते, मीही बसलो होतो. सुरणाने सुजलेल्या हातांनी हंडी काझुयाने घेतली.

१७ जानेवारी

सकाळी वाडीत एकटाच फिरत होतो. काझुया मागून आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. चिकूच्या झाडाखाली उभा राहिला आणि पाठ केल्यासारखं, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "जतीन-सान, मला तुमची परवानगी हवी आहे."

मला कळलं. सुरी घासायची होती. पहिल्या दिवसापासून बिचारा थांबला होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "दिली. आता ती तुझ्या हातात आहे. थोडी हट्टी आहे, पण गुणाची आहे. वाटलं तर साकाईला घेऊन जा. फक्त जप."

तो जमिनीपर्यंत वाकला. वर आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. पोलादावर एवढं प्रेम करणारा माणूस मी पाहिलेला नाही.

घरी येतो तो सोनलने येऊन मिठी मारली. जागृतीने शिरा केला. मी शिरा खात असताना ती समोर उभी राहून माझ्याकडे बघत होती. मग विचारलं, परवानगी नक्की कशाची दिलीत? म्हटलं, सुरी घासायची, आणखी कशाची? तिने डोळे मिटले. आत गेली. आत तिघांचं काहीतरी बोलणं झालं. त्यानंतर सोनल जेवायला आली नाही.

१८ जानेवारी

घरात सुतक असल्यासारखं वाटतंय. काझुयाने पहाटेपासून सुरी घासली, खाच गेली, पातं आरशासारखं झालं. पण चेहरा पडलेला. दगड पुसून पेटीत भरत होता. सोनल जवळच पायरीवर बसली होती. तिने एक दगड हातात घेतला आणि पेटीत ठेवायला देईना, त्याने मागितलाही नाही.

मी खिडकीतून बघत होतो. आणि मला एक कल्पना सुचली. इतकी विलक्षण की ती आजवर कुणाच्याही डोक्यात आली नसणार. सगळीकडून तपासून बघितली. मुलगा कारागीर आहे, सरळ आहे, भाव वाढवत नाही, आयत्या वेळी हंडी उचलतो. सोनल त्याच्याशी बोलताना हसते. फक्त एक गोष्ट आडवी येते. ती तिकडेच राहील.

दुपारभर वाडीत बसलो. वाडीवरचा गडी चैत्या पाटाला पाणी सोडत होता, त्याने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का? म्हटलं, विचार करतोय.

१९ जानेवारी

सकाळी जागृतीला बाजूला घेऊन कल्पना सांगितली. अंदाज होता तेच झालं. तिला धक्का बसला. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, जपानी जावई? लोक काय म्हणतील? वाणगावला काय तोंड दाखवाल? भाषेचं काय, जातीचं काय? मी एकेक मुद्दा खोडून काढला. म्हटलं, लोकांना सवय झाली आहे, विळे घेऊन तेच तर रांगेत होते. वाणगावला मी जाईन. भाषा तो शिकेल, 'या, बसा' येतंच. जात म्हणशील तर त्याने सुरण चिरलंय. तासभर किल्ला लढवला. शेवटी ती म्हणाली, तुम्ही इतकं म्हणताय तर माझी हरकत नाही. बायकोला एवढ्या मोठ्या गोष्टीत पटवण्याची ही माझी पहिलीच वेळ.

मग सोनलला बोलावलं. तिला म्हटलं, तुला हा काझुया कसा वाटतो? नाही वाटला तर विषय इथेच संपला, पण विचार करून बघ. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं ओरडेल. ती माझ्या पायाशी खाली बसली.

"पप्पा, मग मी तिकडेच राहीन. वाणगावला नाही, मुंबईलाही नाही. चालेल तुम्हाला?"

या प्रश्नाचं उत्तर मी वाडीत तयार करून ठेवलं होतं, विमानाची तिकिटं, सुट्ट्या, फोन वगैरे. त्यातलं काही आठवलं नाही.

"नाही चालणार," मी म्हटलं. "पण तू इथे राहून भात एका बाजूला करत बसलीस, तर ते त्याहून चालणार नाही."

ती माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडलो असेन, चष्मा पुसावा लागला. काझुयाला बोलावून विचारलं, आमच्या सोनलशी लग्न करशील का? तो गोंधळून सोनलकडे, मग जागृतीकडे, मग माझ्याकडे बघायला लागला. त्याच्यासाठी सगळं फारच अनपेक्षित होतं. शेवटी जागृतीने मान हलवली तेव्हा म्हणाला, "हो. धन्यवाद. पुन्हा धन्यवाद."

पुन्हा कशाला ते कळलं नाही. त्यांच्याकडे दोनदा म्हणत असतील.

२१ जानेवारी

वाणगावला जाऊन आलो. शब्द देऊन मोडायला जायचं म्हणजे काय ते गाडीत बसल्यावर कळलं.

पीयूषचे वडील ओसरीवर बसले होते, चेहरा उतरलेला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच हात जोडले. काल पीयूषने सांगितलं म्हणे, त्याचं तलासरीच्या प्राजक्ताशी कधीचं ठरलंय. मुलगी तिकडे शाळेत शिक्षिका आहे. त्याच्या आईला माहीत होतं, बहिणीला माहीत होतं, पॉलिहाऊसमधल्या बायकांना माहीत होतं. मुलगी दोनदा घरी येऊन जेवून गेली होती, मिरचीचं बियाणं विकणारी म्हणून. यांनी तिला बियाण्याची ऑर्डरसुद्धा दिली होती.

मी माझी बातमी सांगितली. दोघांनी एकमेकांची माफी मागितली, मग चहा घेतला. पीयूष आतून आला आणि मी काही बोलायच्या आधीच त्याने माझं अभिनंदन केलं. मुलगा मनाने मोठा आहे.

परत येताना मला त्याच्या वडिलांची फार दया आली. चांगला जाणता माणूस, गावात मान आहे, आणि स्वतःच्या घरात काय चाललंय याचा पत्ता नाही. परवा साखरपुडा आहे, साकाईचे लोक फोनवरून बघणार आहेत. जागृती म्हणते, साडी तयार आहे, ब्लाउज दिवाळीतच शिवून ठेवलाय, कशालाही लागला असता.

तिला स्वयंपाकघरात जाऊन वाणगावची सगळी हकिकत सांगितली. म्हटलं, बघ, सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त बापाला नाही. असं कसं एखाद्याला दिसत नाही? जागृती पाठ फिरवून नवी सुरी चालवत होती, आणि तिचे खांदे हलत होते. पुढे जाऊन बघितलं तर डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणाली, कांदा झोंबला.

पाटावर वांगी होती.